सहीच्या वरचा शब्द

१

यंत्र मध्येच थांबलं.

प्लास्टरच्या पांढऱ्या ठोकळ्यातून गुडघ्याखालचा आकार अर्धा कोरून झाला होता, अर्धा अजून ठोकळ्यातच होता. ज्याच्या पायासाठी हे चाललं होतं, तो बसचालक बाकावरून मान लांब करून म्हणाला, "काय ताई, माझा पाय आत्ताच थकला?"

कार्यशाळेच्या ताईंना हसू आलं नाही. पडद्यावर लिहिलं होतं, "परवाना संपला आहे. नूतनीकरणासाठी मालकाशी संपर्क साधावा." मालकाच्या जागी इतकी वर्षं सरांचं नाव असायचं. आज तिथे एका कंपनीचं नाव होतं.

ताई कृत्रिम पाय बनवत. त्यांच्यासारख्या लहान कार्यशाळा आसपासच्या शहरांतही होत्या, आणि सगळ्यांचं काम 'पाऊल' नावाच्या एकाच प्रोग्रॅमवर चालायचं. तुटलेल्या पायाचं माप द्यायचं. तो पाय ज्या कपात बसवायचा, तो कप कुठे सैल हवा आणि कुठे घट्ट, हे 'पाऊल' सांगायचं. हिशेब चुकला की जखम ठरलेली. हा प्रोग्रॅम सरांनी लिहिला होता, स्वतःच्या मुलासाठी. आजारपणात मुलाचा पाय काढावा लागला. बाजारातला कप त्याला टोचायचा, म्हणून पदार्थविज्ञान शिकवणारा बाप मापं घेत बसला. मुलगा त्या नव्या पायावर शाळेत गेला, पण फार दिवस नाही. आजार परतला आणि मुलगा गेला. प्रोग्रॅम राहिला. सरांनी तो मागेल त्याला मोफत दिला.

"आणि आता विकला," ताई फोनवर म्हणाल्या. "आवळा देऊन कोहळा काढला म्हणायचा. बाई गं, तू सरांची विद्यार्थिनी. तूच सांग, हा माणूस असं करेल?"

फोनच्या दुसऱ्या टोकाला अटीबाई होती. हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती आधी सरांच्या हाताखाली पदार्थविज्ञान शिकली, मग वकील झाली. भाडेकरार, वॉरंटी, ॲपच्या तक्रारी अशी रोजच्या कायद्याची कामं ती घ्यायची. ज्या कोणीच वाचत नाही त्या 'अटी व शर्ती' ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, म्हणून ओळखीच्यांनी तिचं हे बारसं करून टाकलं होतं.

"करार पाठवा," ती म्हणाली.

कंपनीने पाठवलेल्या कराराची प्रत तिने पडद्यावर मोठी करून पाहिली. 'पाऊल'ची संपूर्ण मालकी कंपनीकडे. खाली सही. ती सही तिने डोळे मिटूनही ओळखली असती, तिच्या प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर ती होती. बनावट असायचा प्रश्नच नव्हता.

पण सहीच्या वर, शाईनेच, एक शब्द लिहिला होता.

"पाहिले."

अटीबाईला तो शब्द खड्यासारखा लागला. प्रयोगवहीत सर नेहमी "तपासले" असं लिहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "नुसतं पाहून विज्ञान होत नाही गं, तपासावं लागतं." आयुष्यभर तपासणारा माणूस या एकाच कागदावर नुसतं पाहून थांबला होता.

२

सरांच्या घराचं दार काकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच मिटला.

"अगं, फोन तरी करायचास!"

"केला असता तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"वकील झालीस ती उगाच नाही." काकू बाजूला झाल्या, पण पुरत्या नाही.

सर खिडकीजवळ बसले होते. कपडे कडक इस्त्रीचे, दाढी गुळगुळीत. तिला पाहून ते अर्धवट उठले. "या, या. बसा. कसं चाललंय तुमचं काम?"

अटीबाई बसली, पण मनात काहीतरी अडखळलं. सर तिला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. 'अगं गाढवे' हे त्यांचं प्रेमाचं टोक होतं.

"सर, 'पाऊल' बंद पडलंय. ताईंच्या बाकावर माणसं खोळंबलीत. कंपनी म्हणते, तुम्ही सही केलीत."

"सही?" सर प्रसन्न हसले. "करतो की! दर वेळी मीच करतो. आई रागावते ना, म्हणून माझ्याकडे येतात."

"कोण येतात, सर?"

"पुरे आता," काकू मध्येच म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्याला धार होती. "थकतात ते हल्ली. बाहेर बोलू आपण."

व्हरांड्यात आल्यावर काकूंनी दार ओढून घेतलं. "सही त्यांचीच आहे. त्यावर वाद घालू नकोस."

"वाद नाही घालत. पण सोमवारी कंपनीबरोबर बैठक आहे. तोवर कारण नाही सापडलं, तर 'पाऊल' कायमचं गेलं. कंपनीच्या नव्या अटी मी वाचल्यात काकू, लहान कार्यशाळांना त्या झेपायच्या नाहीत. सर असं का करतील?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"सरांनी नाही केलं," त्या म्हणाल्या. "मी करायला लावलं. म्हातारपणी जिवाला सुख मिळावं असं वाटलं मला. लिहून घे हवं तर. लोभ माझा."

दार बंद झालं. अटीबाई पायरीवरच उभी राहिली. आरोपी पकडायच्या आधीच कोणी गुन्हा कबूल केला, तर समजावं की ते दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालतंय.

३

सरांचा पहिला सहकारी होता 'भाऊ'. एके काळी दोघं मिळून 'पाऊल' लिहायचे. मग भांडण झालं आणि भाऊंनी बाजारात फोन-संगणक दुरुस्तीचं दुकान थाटलं. दुकानात स्क्रू-ड्रायव्हर ठेवायलाही जागा नव्हती, पण मतांना भरपूर होती.

"मोफत आणि मुक्त यातला फरक कळतो का तुला?" तिने तोंड उघडायच्या आतच त्यांनी विचारलं. "मोफत म्हणजे मी तुला खोली फुकट राहायला दिली, पण किल्ली माझ्याकडे. मुक्त म्हणजे किल्ली तुलाच दिली. मी घसा फोडून सांगत होतो, सर, 'पाऊल' मुक्त करा. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. सर म्हणाले, नाही."

"का?"

"म्हणाले, एखादी चूक निघाली तर ती आवृत्ती मला एका झटक्यात सगळीकडे बंद करता आली पाहिजे. चुकीच्या मापाचा पाय कुणाला लागू नये. म्हणून दर वर्षी परवाना, फुकट, पण दोरी त्यांच्या हातात." भाऊंनी हातातला फोन उलटा केला. "हेतू देवमाणसाचा. पण दोरी ती दोरीच. आज ती दुसऱ्याच्या हातात गेली. बघ, झालं ना मी म्हणत होतो तेच!"

"तुम्हाला आनंद झालेला दिसतोय."

"झाला असता तर बरं झालं असतं," भाऊ म्हणाले आणि बराच वेळ स्क्रू शोधत राहिले. "कंपनीवाला आधी माझ्याकडेच आला होता. मी त्याला सरांचा पत्ता दिला. रागात दिला. वाटलं, म्हातारा त्याला हाकलून देईल आणि मग मला फोन करून हसेल. तेवढंच बोलणं होईल आमचं."

भाऊंना स्क्रू सापडला, त्यांनी तो परत डबीत टाकला.

"मला बोलावलं नाही, ते ठीक. पण माझ्या जागी दुसरा माणूस आणला, ते लागलं मला."

"कोण दुसरा?"

"ते मला काय माहीत? सरांचं प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे गोणपाटाला ठिगळ. चालायचं, पण बघवायचं नाही. काकू ते टाइप करायच्या आणि करता करता आमच्या चुका पकडायच्या, म्हणून निभावलं. गेल्या दोन वर्षांतल्या दुरुस्त्या उघडून बघ. एकेक टाका मोजून घातलेला. ते सरांचं काम नव्हे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सरांच्या नावाने कोणीतरी दुसराच लिहितोय."

४

अटीबाईने ताईंकडून सरांच्या सगळ्या ईमेल मागवल्या आणि कार्यशाळेतच, बंद यंत्राशेजारी, वाचायला बसली.

"काय शोधतेयस?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही. जे नाही ते."

जुन्या पत्रांत सर जसेच्या तसे होते. 'उद्या सकाळी बघतो.' 'ताई, मी चुकलो, कान धरतो.' 'आज या मापाशी झटापट करत बसलोय.' दोन वर्षांपासूनची पत्रंही तितकीच आपुलकीची होती. 'माप तपासलं. घोट्याजवळची चूक सुधारली आहे.' 'चूक झाली, क्षमस्व.' 'उद्या नवी आवृत्ती पाठवेन.'

तिने ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तिचं बोट थांबलं.

"ताई, या पत्रांत एकही 'तो' नाही."

"कोण तो?"

"बघतो, करतो, बसलो, चुकलो. आपल्या भाषेत माणूस स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलला की तो पुरुष की बाई ते उघडं पडतं. 'चूक सुधारली' यात पडत नाही. 'पाठवेन' यातही नाही. दोन वर्षांत या माणसाने एकही असं वाक्य लिहिलेलं नाही, ज्यात तो उघडा पडेल. 'मी चुकलो' नाही, 'चूक झाली'. असं आपोआप घडत नाही, प्रत्येक वाक्य वळसा घालून नेलंय."

ताई खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे?"

"लिहिणारा पुरुष असता, तर बिनधास्त 'बघतो' लिहून मोकळा झाला असता. ही बाई आहे. आणि सरळ बाई आहे. एवढं सोंग घेतलं, पण स्वतःला 'तो' म्हणायचं खोटं काही तिच्या हातून लिहवलं नाही."

"माझ्याकडे का बघतेस? मी तर प्रश्न विचारणारी!"

"म्हणूनच तुम्ही नाही. स्वतःचेच प्रश्न स्वतःला कोण पाठवेल?" अटीबाईने संगणक मिटला. "प्रोग्रॅम येणारी आणि सरांच्या टेबलाशी बसणारी बाई एकच आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा."

"काकू?" ताईंचा विश्वास बसेना. "पण ज्या बाईने दोन वर्षं हे जिवापाड सांभाळलं, ती ते विकायला कशाला लावेल?"

नेमका हाच प्रश्न होता. काकूंचा कबुलीजबाब खोटा होता. मग सर सही करत होते तेव्हा त्यांच्यासमोर नक्की काय घडलं?

५

कंपनीचा प्रतिनिधी कोवळ्या चेहऱ्याचा होता. गळ्यातल्या टायची गाठ जरा मोठी झाली होती. त्याला काहीच लपवायचं नव्हतं. उलट ही त्याच्या आवडीची गोष्ट होती.

"इतकं सोपं काम मला कधी मिळालं नाही हो! मी दोन तास समजावण्याची तयारी करून गेलो होतो. सर एकटेच होते. दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'आलास? भिजला नाहीस ना?' बाहेर तर कडक ऊन होतं." तो हसला. "विनोदी आहेत."

"मग?"

"मी फाइल पुढे केली. तर म्हणाले, 'घाबरतोस काय? दाखव, किती मिळाले?'"

"किती मिळाले," अटीबाई हळूच म्हणाली.

"हो ना! मी म्हटलं, सर, मिळणार तर तुम्हाला आहेत. आणि आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. म्हणाले, 'ठीक आहेत की. आजारपणात एवढे मिळाले, खूप झालं. पुढच्या वेळी वाढतील.' आता आमची कंपनी काही आजारी नाही, पण म्हटलं, मोठ्या माणसांची बोलायची पद्धत असेल. मग वर काहीतरी लिहिलं, सही केली आणि फाइल परत देताना म्हणाले..." तो आठवायला थांबला. "हां. 'आईला मी सांगतो. तू पळ खेळायला.'"

तो पुन्हा हसला. मग समोरची बाई हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

अटीबाईला तो शब्द आठवला. शिक्षक तपासतो. आणि प्रगतिपुस्तकावर, मुलाने भीत भीत पुढे केलेल्या गुणांच्या खाली, पालक एकच शब्द लिहितो.

पाहिले.

६

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या.

सर आत झोपले होते. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं, आणि काकूंचा संगणक टेबलावर उघडाच होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आधी किल्ल्या विसरायला लागले, मग माणसं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरी येऊन स्वच्छ म्हणाले, 'मी विसरत जाणार. पण कोणाला कळू देऊ नकोस. इतकी माणसं माझ्या मापांवर चालतायत. त्यांना वाटेल, तेव्हाही याचं डोकं ठिकाणावर नव्हतं की काय. पाय टाकायला भितील गं ती.' मी शब्द दिला."

"आणि काम तुम्ही हातात घेतलंत."

"मला येतंच होतं. नाव त्यांचं, हात माझे. आधीही बरंचसं तसंच होतं." काकू किंचित हसल्या. "त्या दिवशी मी त्यांची औषधं आणायला गेले होते. आले तर खुशीत होते. म्हणाले, 'आज बाळाचं प्रगतिपुस्तक पाहिलं. छान आहे, तू ओरडू नकोस.' मला वाटलं, नेहमीचंच. मी म्हटलं, नाही ओरडणार."

"म्हणून तुम्ही म्हणालात, लोभ तुमचा."

"लोभी म्हणू देत. मला म्हणू देत, त्यांना म्हणू देत. वेडा म्हणायला नको." काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "कायदा काय म्हणतो?"

"ज्याला आपण कशावर सही करतोय हे कळत नव्हतं, त्याची सही ही सहीच नसते. करार मोडेल. पण त्यासाठी डॉक्टरांचे कागद मांडावे लागतील. सर्वांसमोर."

"आणि मी म्हटलं, दोन वर्षांचं काम माझं, मला न विचारता ते विकता येत नाही?"

"मग ते विचारतील, नवऱ्याच्या नावाने का लिहीत होता?"

काकूंनी मान हलवली. हा रस्ता त्यांनी आधीच शेवटपर्यंत चालून पाहिला होता.

"काकू, मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्ही म्हणाल तर फाइल आत्ता मिटते. वकील म्हणून नाही, त्यांची गाढव म्हणून सांगतेय."

काकू उठल्या, संगणकाजवळ गेल्या आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"करार झाला त्याच आठवड्यात ही चूक सापडली. वाढत्या मुलांच्या गुडघ्याचं माप धरताना एक अंक चुकीचा घेतला जातो. माझीच चूक, मीच घातलेली. कंपनीला हे माहीत नाही. त्यांनी कुलूप उघडलं की हाच प्रोग्रॅम परत चालू होणार." बोट तसंच ओळीवर राहिलं. "मी त्यांना लिहिलं, सरांच्या नावाने. उत्तर आलं, आपला आता प्रोग्रॅमशी संबंध नाही."

आतून खोकल्याचा आवाज आला. दोघींनी दाराकडे पाहिलं.

"एका पोराला जरी टोचलं," काकू म्हणाल्या, "तर ते मला माफ करणार नाहीत. शब्द मोडला म्हणूनही करणार नाहीत. दोन्हीकडून नाहीच. मग निदान पोराला तरी टोचू नये."

७

सोमवारच्या बैठकीत काकू साध्या सुरात बोलल्या, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत. डॉक्टरांचे कागद टेबलावरून फिरले. कंपनीच्या वकिलाने ते वाचून चष्मा काढला. टायवाल्या मुलाला जे घडलं ते परत सांगायला लावलं, तेव्हा 'पळ खेळायला'पाशी त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. करार रद्द झाला.

काकूंनी गुडघ्याची चूक काढली. भाऊ दुकान बंद करून त्यांच्याशेजारी येऊन बसले, प्रत्येक ओळ त्यांनी पुन्हा तपासली, आणि मग दोघांनी मिळून 'पाऊल' मुक्त केलं. भांडण कोण जिंकलं हे कोणीच बोललं नाही. बसचालकाचा पाय पुरा कोरून झाला.

रद्द झालेल्या कराराची प्रत द्यायला अटीबाई घरी गेली, तेव्हा फोन वाजत होता. काकू स्वयंपाकघरात होत्या. फोन सरांनीच उचलला. पलीकडे ताई होत्या. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मोठा, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसा. "सर, जेवलात का? काळजी करू नका हं. आम्हाला सगळं समजलंय."

सरांनी फोन खाली ठेवला. ते वळले, आणि तो चेहरा अटीबाईच्या ओळखीचा होता. तल्लख, कडक, वर्गात चूक पकडणारा.

"तू सांगितलंस," ते दारातल्या काकूंना म्हणाले.

"हो."

"सगळ्यांना?"

"हो."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. काकू होत्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. अटीबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा दार उघडलं. सरांच्या चेहऱ्यावरची सगळी घडी मोडून गेली होती. काकू जमिनीवर का बसल्यात हे न समजून ते क्षणभर थबकले, मग सावकाश त्यांच्याशेजारी टेकले. पाहुणीला ऐकू जाऊ नये म्हणून काकूंच्या कानाशी वाकले.

"एक सांगू का? मला हल्ली विसरायला होतंय."

"असं होय?"

"हो गं. पण तू कोणाला सांगू नकोस हं. माणसं उगाच भितील."

"नाही सांगणार."

"शपथ?"

काकूंनी त्यांच्या गळ्याला हात लावला.

"गळ्याशपथ," त्या म्हणाल्या.